लोको पायलट व्हायचंय? आधी डोळे तपासून घ्या, मग पुस्तक उघडा

मी असिस्टंट म्हणून रेल्वेत लागलो, आज लोको पायलट गुड्स आहे, म्हणजे मालगाडी चालवतो. सुट्टीवर असलो की ओळखीतला कोणी ना कोणी पोराला घेऊन येतोच, "याला इंजिन ड्रायव्हर व्हायचंय, जरा सांगा काय काय करावं लागतं ते." तेच तेच अर्धा-अर्धा तास सांगून झालंय म्हणून यावेळी सगळं एकदाच नीट लिहून काढतोय. भरतीची माहिती सगळीकडे मिळते, पण कुठली गोष्ट आधी करायची आणि नोकरी लागल्यावर दिवस कसे जातात हे कोणी सांगत नाही, त्यामुळे त्यावर जास्त लिहिणार आहे.

पहिलं एक क्लिअर करतो. रेल्वेत कोणी डायरेक्ट ड्रायव्हर म्हणून लागत नाही. तुम्ही लागता असिस्टंट लोको पायलट म्हणून, ज्याला सगळे एएलपी म्हणतात. इंजिनात ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसायचं, शिकायचं, मग कित्येक वर्षांनी गाडी तुमच्या हातात येते.

डोळे

अभ्यास, क्लास, फॉर्म हे सगळं नंतर. सगळ्यात आधी चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांना स्पष्ट सांगा की मला रेल्वेच्या ए-वन कॅटेगरीसाठी डोळे तपासायचेत. ए-वन म्हणजे मेडिकलची सगळ्यात कडक कॅटेगरी. दोन्ही डोळ्यांना लांबचं ६/६ दिसलं पाहिजे, तेही बिनचष्म्याचं. जवळचंसुद्धा बिनचष्म्याचं. त्यातच फॉगिंग टेस्ट असते, प्लस दोन नंबरची काच डोळ्यासमोर धरतात, त्या काचेतून तुम्हाला स्पष्ट दिसलं तर फेल, कारण मग डोळ्यात प्लसचा नंबर लपलेला आहे असा त्याचा अर्थ होतो. शिवाय कलर व्हिजन, म्हणजे ठिपक्यांच्या चित्रातला आकडा ओळखायचा, रात्रीची नजर, अंधुक उजेडातली नजर, दोन्ही डोळे मिळून बघण्याची क्षमता, हे सगळं तपासतात.

आणि लेसर करून नंबर घालवलेला असेल तर एएलपी विसरा. लॅसिक किंवा नंबर घालवण्यासाठी केलेली दुसरी कुठलीही सर्जरी, या पोस्टला चालतच नाही, जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्या आयटीआयच्या बॅचला एक मित्र होता, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, गणित तर तोंडी करायचा. त्याने पोलीस भरतीच्या नादात वीस-एकविसाव्या वर्षी लेसर करून घेतलेलं. मग रेल्वेची परीक्षा दिली, लेखी पास, सायको, म्हणजे मानसिक क्षमतेची टेस्ट, तीही पास, घरी पेढे वाटून झाले, आणि मेडिकलला बाहेर. दोन वर्षं गेली त्याची. त्याला कोणी आधी एक वाक्य बोललं असतं तर तो टेक्निशियनच्या भरतीची तयारी करत बसला असता, तिथे डोळ्यांचे निकष इतके कडक नसतात. त्याचा त्या दिवशीचा चेहरा अजून आठवतो, म्हणून मी प्रत्येकाला आधी डोळ्यांचंच विचारतो.

रंगांधळेपणा तर बऱ्याच जणांना स्वतःलाही माहीत नसतो. लाल-हिरवा रोजच्या आयुष्यात ओळखता येतो म्हणून ठीक आहे असं समजू नका, ठिपक्यांची टेस्ट करूनच घ्या. शे-पाचशे रुपयांत काम होतं आणि पुढची दोन वर्षं वाचतात.

शिक्षण काय लागतं

दहावी आणि आयटीआय, हा सरळ रस्ता. आयटीआय कुठल्याही ट्रेडचा नाही चालत, यादी असते, त्यात फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, मोटर मेकॅनिक, टर्नर, मशिनिस्ट, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, एसी-फ्रीज मेकॅनिक असे ट्रेड येतात. वेल्डरवाले पोरं फार विचारतात, तो त्या यादीत नाही. सर्टिफिकेट एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीचं पाहिजे. आयटीआय नसेल तर दहावीवर या ट्रेडमधली अ‍ॅक्ट अ‍ॅप्रेंटिसशिप पूर्ण केलेली चालते. नाहीतर दहावीनंतर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा ऑटोमोबाईलचा तीन वर्षांचा डिप्लोमा. याच ब्रँचची इंजिनिअरिंग डिग्रीसुद्धा चालते, आणि खरं सांगतो आता बी.ई. झालेली पोरं भरपूर येतात.

नुसती बारावी सायन्स किंवा बी.एस्सी. वर एएलपी होत नाही, हे लक्षात ठेवा. दहावी झालेला भाऊ-पुतण्या कोणी असेल आणि त्याला खरंच इंजिनात जायचं असेल तर त्याला इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटर घ्यायला सांगा. माझं मत इलेक्ट्रिशियन, कारण आता जवळपास सगळीकडे इलेक्ट्रिक इंजिनंच धावतात आणि ट्रेनिंगला सर्किट समजायला त्याचा फार उपयोग होतो.

वय १८ ते ३०. ओबीसी नॉन-क्रिमीलेयरला तीन वर्षं, एससी-एसटीला पाच वर्षं सवलत. २०२४ च्या भरतीत कोविडमुळे सगळ्यांना तीन वर्षं जास्त दिलेली, ते बघून कोणी ३३ धरून बसू नका, २०२५ च्या जाहिरातीत परत ३० झालं.

फॉर्म

भरती आरआरबी काढतं, म्हणजे रेल्वे रिक्रूटमेंट बोर्ड. २०१८ च्या मोठ्या भरतीनंतर थेट २०२४ ला जाहिरात आली, मधल्या सहा वर्षांत कितीतरी पोरांचं वय निघून गेलं, फार वाईट वाटायचं त्यांच्याकडे बघून. आता रेल्वेने वर्षाचं कॅलेंडर काढायला सुरुवात केलीय. २०२४ ला सुरुवातीला ५,६९६ जागा होत्या, त्या वाढवून १८,७९९ केल्या, आणि २०२५ ला ९,९७० जागांची जाहिरात आली. म्हणजे सध्याचे दिवस चांगले आहेत, ज्यांचं वय बसतं त्यांनी टाळू नका.

एका माणसाने एकाच आरआरबीला फॉर्म भरायचा. दोन ठिकाणी भरला तर दोन्ही बाद. कुठल्या आरआरबीकडे कुठल्या झोनच्या किती जागा आहेत आणि त्यात तुमच्या कॅटेगरीला किती, याचं टेबल जाहिरातीच्या शेवटी असतं, ते निवांत बसून बघा. नुसतं घराजवळ म्हणून मुंबई टाकायचं आणि नुसत्या जागा जास्त म्हणून लांबचं टाकायचं, दोन्ही चुकीचं, कारण झोन बदलून गावाजवळ येणं सोपं नसतं, वर्षानुवर्षं पोरं ट्रान्स्फरची वाट बघतात आणि बदली घेतली तर सिनिऑरिटी खाली जाते.

फी ५०० रुपये, त्यातले ४०० पहिल्या परीक्षेला हजर राहिलात की परत मिळतात. एससी, एसटी, महिला, माजी सैनिक वगैरेंना २५० आणि ते सगळे परत, बँक चार्ज तेवढा कापतात. बँक अकाउंट नंबर नीट टाका. फॉर्मवरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणेच पाहिजे, आधारवर वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, डॉक्युमेंटच्या वेळी धावपळ नको.

परीक्षा

माझ्या वेळी कागदावर गोल काळे करायचे होते, आता सगळं कॉम्प्युटरवर.

पहिली परीक्षा सीबीटी-वन. ७५ प्रश्न, ६० मिनिटं. गणित, रिझनिंग, जनरल सायन्स आणि चालू घडामोडी. प्रश्न दहावीच्या पातळीचे पण वेळ खरंच कमी पडतो, एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. तीन चुकले की एका बरोबरचा मार्क जातो. मराठीतून पेपर देता येतो, फॉर्ममध्ये भाषा निवडायची असते, पण सायन्सचे मराठी शब्द ज्यांच्या तोंडात नाहीत त्यांनी विचार करूनच निवडा. ही परीक्षा फक्त चाळणी आहे, हिचे मार्क पुढे धरत नाहीत. जागांच्या साधारण पंधरा पट पोरं पुढे घेतात.

दुसरी सीबीटी-टू, तिचे दोन भाग. पार्ट ए ला ९० मिनिटांत १०० प्रश्न, गणित, रिझनिंग आणि बेसिक सायन्स-इंजिनिअरिंग. यात ड्रॉइंग, मापं, काम-शक्ती-ऊर्जा, उष्णता, बेसिक वीज, तरफा आणि साधी यंत्रं असं येतं. आयटीआयचं वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंगचं पुस्तक कपाटात टाकून दिलं असेल तर बाहेर काढा, त्यातच बरंच आहे. पार्ट बी तुमच्या ट्रेडवर, ६० मिनिटं ७५ प्रश्न, त्यात सगळ्यांना ३५ टक्के पाहिजेत, कुठल्याच कॅटेगरीला सूट नाही. त्याचे मार्क मेरिटला धरत नाहीत म्हणून पोरं दुर्लक्ष करतात आणि तिथेच अडकतात. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना आपल्या ब्रँचला लागू असलेल्या ट्रेडमधून एक निवडावा लागतो, तो निवडताना आधी त्याचा सिलॅबस उघडून बघा.

मग येते सीबीएटी, जुन्या भाषेत सायको टेस्ट. जागांच्या आठ पट लोकांना बोलावतात. पाच छोट्या टेस्ट असतात: स्मरणशक्ती, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग. खोलीच्या अंदाजाच्या टेस्टला विटा रचल्यासारखं चित्र असतं आणि एका विटेला किती विटा टेकल्यात ते मोजायचं. नजरेच्या वेगाला दिलेल्या आकृतीसारखीच आकृती पटकन शोधायची. अवघड काहीच नाही, पण घड्याळ पळत असतं आणि पाचही टेस्टमध्ये प्रत्येकी किमान ४२ टी-स्कोअर, म्हणजे बाकीच्यांच्या मार्कांशी तुलना करून काढलेला स्कोअर, लागतो, कुठल्याही कॅटेगरीला. चार टेस्ट भारी झाल्या आणि एक गेली तर सगळंच गेलं. इथे निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि ही टेस्ट फक्त हिंदी-इंग्रजीत असते, मराठीत नाही, त्यामुळे सूचना हिंदीत वाचायची सवय करा. फायनल मेरिट लागतं ते सीबीटी-टू च्या पार्ट ए चे ७० टक्के आणि सीबीएटीचे ३० टक्के धरून.

सीबीएटीला डोळ्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट ठरलेल्या नमुन्यातच न्यावं लागतं, ते नसेल तर आत सोडत नाहीत. म्हणूनही म्हटलं, डोळे आधी.

तयारी किती करावी हे ज्याचं त्याने ठरवावं, पण माझं एक सांगणं. गणित-रिझनिंग रोज घड्याळ लावून करा, आणि सायकोचा सराव सीबीटी-टू चा निकाल लागायची वाट न बघता आधीच सुरू करा, रोज वीस मिनिटं पुरे. निकालानंतर फार कमी दिवस हातात मिळतात.

ट्रेनिंग

डॉक्युमेंट तपासणी झाली, मेडिकल झालं की जॉइनिंग. मग काही महिने ट्रेनिंग सेंटर. मध्य रेल्वेवाल्यांना भुसावळचं झोनल ट्रेनिंग इन्स्टिट्यूट माहीतच असतं. तिथे नियमांचं पुस्तक, ज्याला आम्ही जीअँडएसआर म्हणतो, ते जवळपास पाठ करायचं, सिग्नल शिकायचे, आणि इंजिन शिकायचं. कुठला रिले उडाला तर काय बंद पडतं, ब्रेकची हवा कुठून कुठे जाते. सिम्युलेटरवर बसवतात. मग लाइनवर ट्रिपा, आधी नुसतं मागे उभं राहून बघायचं.

नवीन पोरं इंजिन शिकण्यात रमतात आणि नियमांचं पुस्तक बाजूला टाकतात. असं करू नका. इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहील, कंट्रोलला फोन होईल, दुसरं इंजिन येईल. नियम चुकला तर परत येण्याचा रस्ता नसतो.

कामाला लागल्यावर: एक रात्र

कसं असतं ते कळावं म्हणून एक साधी रात्र सांगतो.

रात्री साडेअकराला फोन वाजतो. दीडची गाडी आहे. पूर्वी कॉल बॉय घरी येऊन उठवायचा, आता लॉबीतून, म्हणजे आमच्या ड्युट्या लावणाऱ्या ऑफिसातून, फोन येतो. उठायचं, आंघोळ करायची, डबा घ्यायचा. लॉबीत गेल्यावर आधी मशीनमध्ये फुंकायचं, दारूची टेस्ट, प्रत्येक ट्रिपच्या आधी आणि नंतर. मग साइन ऑन, म्हणजे ड्युटीची हजेरी. नवीन सेफ्टी सर्क्युलर वाचून सही. कॉशन ऑर्डर घ्यायची, म्हणजे पुढच्या सेक्शनमध्ये कुठल्या किलोमीटरला किती स्पीड ठेवायचा त्याचा कागद. लॉबीच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवायचं. वॉकीटॉकी, झेंड्या, टॉर्च, आणि फटाके, म्हणजे डिटोनेटर. हे रुळावर लावायचे असतात, गाडी अडकली आणि शेजारचा रूळही अडवला गेला तर समोरून येणाऱ्या गाडीला थांबवायला ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. असिस्टंटने अंधारात रुळाच्या कडेने पळत जाऊन ते लावायचे असतात, म्हणून फिटनेस फक्त भरतीपुरता ठेवू नका.

यार्डात गाडी उभी. ५८ वॅगन, कोळशाने भरलेल्या, सगळी मिळून जवळपास पाच हजार टन. लांबी साडेसहाशे मीटरच्या आसपास. असिस्टंट कपलिंग बघतो, होज पाइप बघतो. ब्रेक पाइपमध्ये पाच किलो प्रेशर आलं पाहिजे, ते शेवटच्या डब्यापर्यंत पोचतंय का हे मागे गार्ड, म्हणजे आता ज्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते बघून सांगतात. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट तपासायचं. स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून सुटायचा सिग्नल, पिवळा झाला की असिस्टंट हात पुढे करून मोठ्याने बोलतो, "स्टार्टर यलो." मी तेच परत बोलतो. प्रत्येक सिग्नलला, पूर्ण रस्ताभर, दोघांनीही. बाहेरच्याला हे पोरखेळ वाटेल, पण रात्री तीन-साडेतीनला जेव्हा डोळा जड होतो ना, तेव्हा दुसऱ्याचा तो आवाजच माणसाला जागेवर आणतो. नुसतं मनात वाचलेलं आणि तोंडाने बोललेलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डबल यलो म्हणजे पुढच्या सिग्नलला कमी स्पीडने जायची तयारी, सिंगल यलो म्हणजे पुढच्याला थांबायची तयारी. पाच हजार टन काही ब्रेक दाबला की थांबत नाही, त्यामुळे लाल दिसल्यावर ब्रेक लावणारा ड्रायव्हर उशीर झालेला ड्रायव्हर असतो. पिवळ्यालाच गाडी हातात आलेली पाहिजे.

समोर टेबलावर एक बटण असतं, व्हीसीडीचं. साठ सेकंद मी कुठलाच कंट्रोल हलवला नाही, हॉर्न नाही, ब्रेक नाही, काहीच नाही, तर दिवा लुकलुकतो, मग आवाज येतो, तरी दाबलं नाही तर गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. चांगली गोष्ट आहे, पण इतक्या वर्षांनी हाताला ते बटण दाबायची सवय लागते, झोपेतसुद्धा हात जातो. म्हणून मी त्याच्या भरवशावर कधी बसत नाही, असिस्टंटशी बोलत राहतो.

वळणावर असिस्टंट मागे वाकून गाडी बघतो, कुठे धूर आहे का, ठिणगी आहे का, काही लोंबतंय का. गेटच्या आधी सी/फा लिहिलेला बोर्ड येतो, सीटी फाटक, तिथून हॉर्न. मध्येच न्यूट्रल सेक्शन, वरच्या तारेत वीज नसलेला तुकडा, ५०० आणि २५० मीटर आधी बोर्ड असतात, तिथे ब्रेकर उघडायचा, म्हणजे इंजिनाची वीज तोडायची, गाडी स्वतःच्या जोरावर पुढे जाते, मग परत बंद करायचा. चढावर असेल तर आधीच जोर धरून यावं लागतं, नाहीतर बरोबर त्या तुकड्यात गाडी अडकते आणि मग पूर्ण सेक्शन तुमच्यामुळे थांबतो.

घाट वेगळाच. कसारा-इगतपुरी आणि कर्जत-लोणावळा, दोन्हीकडे चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. चढताना मागून बँकर इंजिनं ढकलतात. लोकांना चढण अवघड वाटते पण आमचा जीव उतरणीत अडकलेला असतो. उतरणीला ब्रेक लावायचा आणि हवा परत भरायला वेळ द्यायचा, घाईघाईने परत परत लावला तर हवा संपते. गाडी ताब्याबाहेर गेलीच तर तिला चढावर वळवायला कॅच सायडिंग असते, तिच्याकडे बघताना अजूनही छातीत धस्स होतं. माझे पहिले उस्ताद घाट सुरू व्हायच्या आधी बोलणं बंद करायचे, फक्त सिग्नलपुरतं. पावसाळ्यात घाटात धुकं आणि पाण्याचे लोट असतात, तेव्हा मीसुद्धा आता तसंच करतो.

आणि कुठलाही नवीन सेक्शन असेल तर आधी लर्निंग रोड मिळतो, साधारण तीन ट्रिपा, त्यात एक रात्रीची. त्या तीन ट्रिपांत वही ठेवा. कुठला सिग्नल झाडामागून येतो, कुठला वळणानंतर अचानक दिसतो, कुठे उतार लागतो. माझी पहिली वही अजून आहे, पानं पिवळी पडलीत.

झोप, आणि घर

या नोकरीत सगळ्यात अवघड काय असं विचारलं तर इंजिन नाही, सिग्नल नाही, झोप. गुड्सला टाइमटेबल नसतं. आज पहाटे चारला, उद्या दुपारी दोनला, परवा रात्री बाराला. आठ तासांपेक्षा जास्त ड्युटी झाली तर हेडक्वार्टरला १६ तासांची रेस्ट मिळते, बाहेरगावी रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या जागी, आठ तास. महिन्यात पिरिऑडिक रेस्ट ३० तासांची चार वेळा नाहीतर २२ तासांची पाच वेळा. कागदावर ठीक वाटतं, पण १६ तासांत घरी जाणं, जेवण, बाजार, पोरांची शाळा, आणि परत दोन तास आधी कॉल, यातून झोप किती उरते ते मोजून बघा. ३० तासांच्या रेस्टला एक पूर्ण दिवस मिळेलच असं नाही.

म्हणून लग्न झालेलं असेल किंवा ठरत असेल तर घरच्यांना आधी बसवून सांगा. दिवाळी, गणपती, भावाचं लग्न, यातलं निम्मं तुम्ही नसणार. आणि दिवसा झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही हे घरातल्या लहान पोरालाही शिकवावं लागतं. माझ्या बायकोने खिडकीला जाड काळा पडदा शिवून लावला, कुकर मी उठल्यावरच लावते, बेल काढून टाकलीय. हे तिचं काम माझ्या ड्युटीइतकंच महत्त्वाचं आहे, कारण मी न झोपता गेलो तर मागच्या पाच हजार टनांचं काय? लाल सिग्नल ओलांडणं, ज्याला स्पॅड म्हणतात, हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हा, त्यात नोकरी जाते. आणि बऱ्याचदा त्याच्या मुळाशी न झालेली झोप असते. झोप झाली नसेल तर लॉबीत तसं सांगायची हिंमत ठेवा, कोणी काहीही बोललं तरी.

अजून एक उघड बोलायची गोष्ट. कितीतरी इंजिनांत अजून टॉयलेट नाही. नवीन इंजिनांत बसवायला लागलेत, एसी कॅबही येतायत, पण जुन्यात नाही. पुरुष कसंबसं निभावून नेतात, बायकांचे हाल होतात, कितीतरी जणी ड्युटीआधी पाणी पीत नाहीत. हे बदललंच पाहिजे. तरीही मुलींनी यावं असं मला मनापासून वाटतं. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव बाईंनी १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरुवात केली तेव्हा इंजिनात बाई ही कल्पनाच नव्हती, त्या आशियातल्या पहिल्या महिला ट्रेन ड्रायव्हर. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन आणली आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूर-मुंबई वंदे भारत, भोर घाटातून. आता लॉबीत मुली दिसतात, आणि सिग्नल बोलण्यात त्या कधी आळस करत नाहीत हे मी बघितलंय.

रुळावर कोणी आलं तर

हे लिहावं की नाही असं वाटत होतं, पण नोकरीत येणाऱ्याला माहीत पाहिजे. प्रत्येक ड्रायव्हरच्या आयुष्यात हे येतं. जनावरं तर येतातच. माझ्याकडे पहिल्यांदा माणूस आला तेव्हा मी नुकताच गाडी हातात घेतलेली. पहाटेची वेळ, लांब हॉर्न, इमर्जन्सी ब्रेक, आणि तरी गाडी सरकतच राहते. त्या काही सेकंदांत तुमच्या हातात काहीच नसतं, स्टिअरिंग नाही, फक्त हॉर्न आणि ब्रेक. थांबल्यावर स्टेशनला कळवायचं, वेळ आणि किलोमीटर लिहून ठेवायचं, मेमो द्यायचा. मग पुढची ड्युटी.

मी दोन आठवडे त्या किलोमीटरजवळ आलो की हाताला घाम यायचा. कोणाला बोललो नाही, ते चुकलं. नंतर एका सिनियरने चहाला बसवून स्वतःचं सांगितलं तेव्हा कुठे मोकळा झालो. तुमच्यावर वेळ आली तर बोला, सुट्टी मागा, रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरला सांगा. आणि नवीन असिस्टंटबरोबर असं झालं तर त्याला खाली उतरून बघायला एकटं पाठवू नका.

पैसे आणि बढती

एएलपीचं बेसिक लेव्हल टू, १९,९०० रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, रात्रीच्या ड्युटीचा भत्ता, आणि मुख्य म्हणजे रनिंग अलाउन्स, किलोमीटरवर मिळतो, याला आम्ही मायलेज म्हणतो. त्यामुळे बेसिक बघून ही नोकरी मोजू नका, त्याच लेव्हलच्या ऑफिसातल्या माणसापेक्षा हातात चांगलं जास्त पडतं. पण ते जास्तीचे पैसे गाडी चालवली तरच, आजारी पडून घरी बसलात की पगार एकदम खाली येतो, म्हणून घराच्या कर्जाचा हप्ता मायलेज धरून ठरवू नका. जुन्या पेन्शन योजनेतल्या लोकांना पेन्शन मोजताना बेसिकमध्ये वेगळा टक्का मिळवतात, हाही फायदा.

बढती अशी: एएलपी, सिनियर एएलपी, मग शंटर, यार्डात डबे इकडून तिकडे. त्यानंतर गुड्स, पॅसेंजर, मग मेल-एक्स्प्रेस. गुड्सपासून पुढे सगळे लेव्हल सिक्स, बेसिक ३५,४०० पासून. मुंबई लोकलचे मोटरमनही याच पोरांतून खात्यांतर्गत निवडीने होतात. पुढे ज्याला आवड आहे तो लोको इन्स्पेक्टर होतो. किती वर्षांत काय होईल ते डिव्हिजनमधल्या रिकाम्या जागांवर आहे, एकाच बॅचची दोन पोरं वेगळ्या डिव्हिजनला गेली तर एक लवकर गाडी हातात घेतो आणि दुसरा अजून असिस्टंटच असतो.

मेडिकल पूर्ण नोकरीभर सुटत नाही. ४५ वयापर्यंत दर चार वर्षांनी, मग ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. मध्येच डोळ्यांत किंवा तब्येतीत काही निघालं तर गाडीवरून उतरवतात आणि दुसरं काम देतात, नोकरी जात नाही. शुगर आणि बीपी हे आमच्या लोकांचे जुने सोबती, अवेळी जेवण, बसून काम, त्यामुळे पहिल्या वर्षापासून चालायची सवय ठेवा.

पहिल्या ट्रिपची बॅग

जॉइन झालात की सिनियर लोक सांगतीलच, तरी माझी यादी. दोन टॉर्च, एक कायम नवीन सेल टाकलेला. घरचा डबा, कोरडं खाणं वेगळं, कारण गाडी कुठे किती तास उभी राहील सांगता येत नाही. पाणी भरपूर. एक चादर आणि स्वतःची उशीची खोळ, रनिंग रूममध्ये मिळते पण आपल्या खोळीवर झोप लवकर लागते, खरंच. कानात घालायचे बोळे. पावसाळ्यात जास्तीचे मोजे. नियमांचं पुस्तक, सेक्शनची वही, दोन पेन. घड्याळ हातातलंच, मोबाईलच्या भरवशावर नको, गाडी चालवताना मोबाईल बंद करून बॅगेतच ठेवायचा असतो. आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात घरचा एक नंबर कागदावर लिहून ठेवा.